एका नावाच्या दोन बायजा आणि पाच पडद्यांचा अर्ज

विद्येच्या उंबरठ्यावर उभ्या मुलांचे कल्याण असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य दशमीचे दिवशी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

हुजुरांनी आज्ञा केली जे, रानोमाळ हिंडणारांच्या मुलांस वसतिगृही ठेवून शिकवावे, आणि अर्ज संगणकावर घ्यावे. मग दिवाणसाहेबांनी विसाजीपंत या शहाण्या कारागिरास बोलावून अर्ज बांधविला. पंतांनी पाच पडदे केले. पहिल्यावर मुलाचे व बापाचे नाव, दुसऱ्यावर जन्मदिवस, तिसऱ्यावर गाव, चौथ्यावर कागदपत्रे, आणि पाचव्यावर सर्व वाचून बटण दाबणे. माणूस मध्येच उठला तरी श्रम फुकट न जावे म्हणोन दर पडद्यामागे मजकूर कच्च्या दफ्तरी राही, आणि पाचवा पडदा ओलांडिला की पोच मिळून त्याची नक्कल पक्क्या दफ्तरी जाई. कच्चे दफ्तर रोज सूर्यास्ती आपोआप झाडून निघे. आणखी एक तजवीज पंतांनी केली ती ऐसी की, मुलाचे नाव, बापाचे नाव व जन्मदिवस ही तिन्ही जुळली तर तेच मूल समजावे, आणि जुना मजकूर पुसून नवा ठेवावा. पंतांनी आपले एकच मूल दहा वेळा भरून पाहिले, दहाही वेळा ठीक उतरले, आणि दिवाणसाहेब संतोष पावले.

मग अर्जाचा शेवटला दिवस आला. सूर्यास्ती यादी हुजुरात जावयाची, आणि घटका दोन घटका दिवस उरला असता धनगरवाड्याच्या शाळेतील ठकूबाई कचेरीत आल्या आणि दोन कागद पंतांपुढे ठेवित्या झाल्या.

"पंत, माझ्या बायजा दोन. तुमच्या यादीत एकच."

"बाई, एकीचाच अर्ज दोनदा भरला असेल."

"पोचा दोन आहेत. एक परवाची, एक आजची. मी पोरींना पाढे शिकवते, दोनपर्यंत मलाही येतं."

पंतांनी पाहिले तो दोन्हीकडे बायजा धोंडी कोकरे, जन्म एक जून. "दोघींचे सारेच एक कसे?"

"वाड्याची देवी बायजाई, म्हणून घरटी एक बायजा. धोंडी तर दगड मारावा त्याला लागेल. आणि पोर जन्मते मेंढरांमागे, तिथे तारीख कोण लिहितो? शाळेत आली की एक जून मांडायची. मीच मांडली." मग बाईंनी विचारिले, "पंत, तुमचा जन्म केव्हाचा?"

पंत खाली पाहू लागले. "एक जून."

"आणि तरी सुचलं नाही?"

तेव्हा पंतांनी दिल्या पोचा आणि पक्क्या दफ्तरातील मुले ताडून पाहिली, तो चौदा मुले कमी. चौदा जणांच्या घरी पोच होती, आणि दफ्तरी त्यांवर दुसरेच मूल बसले होते. कच्च्या दफ्तरी शोध करावा, तर झाडणीस थोडाच अवकाश. पंत धावत दिवाणसाहेबांकडे गेले आणि झाडणी थांबविण्याची परवानगी मागते झाले.

दिवाणसाहेब म्हणाले, "चूक हुजुरांस कळेल. यादी आहे तशी जाऊ द्या. ज्याचे मूल गेले तो विचारीत येईल."

"ते मेंढरांमागे रानोमाळ हिंडतील, साहेब. विचारणार कोणास?"

मग पंतांनी परवानगीवाचून झाडणी बंद केली, आणि पुढे दर मूल पोचेच्या क्रमांकाने ओळखावे ऐसे करून एकेक मूल उचलून पक्क्या दफ्तरी बसविले. एक क्रमांक तीनदा चुकला. नऊ मुले सापडली. पाच मागल्या दिवसांची, ती झाडली गेली होती. त्यांत परवाची बायजा; तिचे बाईंनी पुन्हा भरिले. चौघे उरले, ज्यांचे नाव, बाप, जन्मदिवस ठाऊक, कारण वर बसलेल्या मुलाचेही तेच. परंतु गाव पुसले गेलेले. पंतांनी ते चौघेही यादीत लिहिले आणि गावाचा रकाना मोकळा ठेविला.

दिवाणसाहेब कोपले. "रिकाम्या ओळी हुजुरात कशा पाठवू?"

"रिकाम्या नव्हेत, साहेब. तिथे मुले आहेत. गाव तेवढे माझ्या हातून गेले."

यादी गेली, आणि हुजुरांनी चार खाटा राखून ठेविल्या. ठकूबाईंनी ती चार नावे बाजारोबाजारी वाचून दाखविली. श्रावणापर्यंत तिघे आले. चौथ्या खाटेवर चादर घातलेली आहे, आणि विसाजीपंत दर सोमवारी जाऊन ती झटकून येतात.

तात्पर्य, पडदे पाच असोत की पन्नास, बांधणाराने आधी मुले कोणत्या घरची ते विचारून यावे. हकिकत घडली तैसी लिहिली, अधिक उणे वाचणाराने सांभाळून घ्यावे.