हंबीररावांच्या वस्तऱ्याची धार

हंबीररावांच्या दोन्ही हातांवर आता औषधालाही केस उरला नव्हता. डाव्या हातावरचे दिवाळीपर्यंत पुरले, उजव्यावरचे संक्रांतीच्या आतच संपले. वस्तऱ्याला धार आली की नाही, हे केस उडवून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि हंबीरराव तर रोज एक वस्तरा धारेला घेत. शमशुद्दीन हा त्यांचा शेजारी आणि जुना दोस्त. त्याने एकदा मैत्रीखातर आपला हात पुढे केला होता. तेव्हापासून तो मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

आता हा नाद कुठून लागला म्हणाल, तर रिकामपणातून. शाहूपुरीतल्या एका कचेरीत ह्या गृहस्थाने सगळी नोकरी काढली आणि तेवढ्या काळात स्वतःची पेन्सिलसुद्धा कधी तासली नाही, शिपायाकडून तासून घेतली. निवृत्त झाल्यावर मात्र सलूनवाल्यांनी अडगळीत टाकलेले जुने वस्तरे गोळा करायचं खूळ डोक्यात शिरलं. हल्ली सगळीकडे अर्धं ब्लेड लावतात आणि काम झालं की फेकून देतात, वस्तऱ्याला कोण विचारतो! हंबीररावांनी ते मुठी तुटलेले, गंजके वस्तरे घरी आणले, लिंबू आणि राख लावून घासले, नव्या मुठी बसवल्या, ओल्या दगडावर धार लावली आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर ते पुढे-मागे परजत बसले. घरात लिंबू टिकेना.

"माणसं ह्या वयात देवाच्या नादाला लागत्यात," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणायच्या, "आमचं वस्तऱ्याच्या लागलंय."

पण हंबीररावांचं दुखणं वेगळंच होतं. शिवाजी पेठेत माणसाला मान मिळतो तो तालमीत, फुटबॉलच्या मैदानावर, नाहीतर रश्श्याच्या हंड्यापाशी. हंबीररावांना ह्यातलं काहीच कधी जमलं नाही. पेठेने एकदा तरी आपल्याकडे वळून बघावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी तालीम मंडळाच्या अध्यक्षाचे उंबरे झिजवले आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता तालमीच्या हॉलमध्ये आपल्या वस्तऱ्यांचं प्रदर्शन ठरवलं. अध्यक्ष उदयसिंह हा येत्या निवडणुकीतला भावी नगरसेवक. 'भावी' तर तो गेल्या दोन निवडणुकांपासून आहे, पण फ्लेक्सवर अजून तोच फोटो चालतो.

रविवार उजाडला. शालूबाईंनी मटण शिजत टाकलं, कारण प्रदर्शनाला गावाकडून, कोडोलीहून दीर येणार होते. हंबीररावांनी शेवटचा वस्तरा पट्ट्यावर परजला, तोंडाला साबण लावला आणि ते आरशापुढे उभे राहिले. धार बघायला अंगावर जागा नव्हती. डोक्याला तर टक्कल नोकरीतच पडलं होतं. राहता राहिली मिशी. तीही कशी? भरघोस, पिळदार, पेठेला शोभेल अशी. तिच्यातला एकच वाकडा केस उडवून बघू म्हणून त्यांनी पातं वर नेलं, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

हात जरासा हलला. खरचटलं नाही, ओढलं नाही, काही म्हणजे काही कळलं नाही. हंबीररावांनी वाटीत बघितलं, तर साबणाच्या फेसात अर्धी मिशी पडलेली!

"आयला, काय धार हाय!" पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला. मग त्यांनी आरशात बघितलं.

अर्ध्या मिशीने पेठेत फिरायचं म्हणजे पोराबाळांची चंगळ. त्यांनी दुसरी बाजू जरा कमी केली, मग ती जास्तच कमी झाली, मग पहिलीचा उरलेला तुकडा विचित्र दिसू लागला. शेवटी सगळीच उतरवली आणि ते तसेच शालूबाईंना न दाखवता हॉलमध्ये टेबलं लागली का बघायला बाहेर पडले. आता टक्कल असलेला, मिशी उतरवलेला, कोडोलीला पिकलं पान झालेली आई असणारा माणूस सकाळी सकाळी खाली मान घालून चाललाय, तर पेठेने काय समजावं? आई-बाप गेल्यावरच आपल्याकडे मुलगा मिशी काढतो, एरवी कोण हात लावतो तिला!

कोपऱ्यावर उदयसिंह चहा पीत उभा होता. त्याने कप खाली ठेवला, धावत येऊन हंबीररावांना मिठीच मारली.

"तात्या! चिमणाआई गेल्या आनि आमास्नी कळवलं बी न्हाईसा?"

"अवो न्हाय, म्हंजी त्याचं काय झालं..."

"काय बोलू नगा. दुःखात माणसानं बोलू नये." उदयसिंहाने जमलेल्या चार माणसांकडे वळून आवाज चढवला. "बघा, बघा ह्या माणसाकडं! रातोरात कोडोलीला जाऊन आईला माती दिली, आनि तालमीचा कार्यक्रम मोडू नये म्हनून सकाळी हजर! ह्येला म्हनायचं पेठेचा माणूस!"

चारही जणांनी आदराने हात जोडले. हंबीररावांचं तोंड उघडलेलं होतं ते हळूहळू मिटलं. सगळ्या आयुष्यात पेठेने त्यांना हात जोडले नव्हते. आणि खरं सांगायचं तरी काय? वस्तऱ्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्याने स्वतःचीच मिशी उडवली म्हणून? लोक रंकाळ्यापर्यंत हसत गेले असते. संध्याकाळी प्रदर्शन पार पडलं की सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. माणूस मनाशी काय वाटेल ते ठरवू शकतो.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. तो उदयसिंहाने काढूनच घेतला. "फोन आमी बघतो, तात्या. तुमी बसा." पलीकडे कोडोलीहून धाकटा भाऊ होता, प्रदर्शन नक्की किती वाजता ते विचारायला. त्याला काही बोलू न देता उदयसिंह म्हणाला, "तात्या बोलायच्या अवस्थेत न्हाईत. मिशी उतरवलीया त्यांनी. तुमी सगळी या आता हितंच," आणि त्याने फोन ठेवला, तो थेट स्वतःच्या खिशात.

इकडे घरी गल्लीतल्या बायका रडत आत शिरल्या. शालूबाईंच्या गळ्यात पडल्या. कोण गेलं हे न विचारताच शालूबाईही रडू लागल्या, कारण एवढ्या बायका उगीच थोड्याच रडणार! पुढच्या घरच्या तानाबाईंनी मध्येच हुंदका थांबवून नाक वर केलं.

"शालूबाई, कसला गं वास ह्यो?"

"मटणाचा. बरं ते ऱ्हाऊ दे, कोन गेलं म्हनं?"

"तुजी सासू की!" तानाबाई डोळे वटारून म्हणाल्या. "सासू गेली आनि मटण शिजवतीस व्हय? धन्य तुजी, बाई!"

ही बातमी मरणाच्या बातमीच्याही पुढे पळाली. शालूबाईंनी पदर खोचला आणि त्या नवऱ्याला शोधायला निघाल्या, तर वाटेतच शमशुद्दीन भेटला. त्याचं फ्लेक्सचं दुकान. त्याच्या हातात गुंडाळी होती आणि चेहरा रडवेला.

"वहिनी, माफ करा. अध्यक्षांनी घाई केली. मोठ्या आईंचा मोतीबिंदूच्या आपरेशनचाच फोटो होता माझ्याकडं, काळ्या चष्म्यातला. त्योच छापला."

शालूबाई हॉलमध्ये पोचल्या तेव्हा तिथे प्रदर्शनाचं नाव नव्हतं. वस्तरे मांडायची टेबलं भिंतीला सरकवली होती आणि त्यांवर चहाचे कप ठेवले होते. वस्तऱ्यांची खोकी तर टेबलांखाली गेली होती. व्यासपीठावर 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली काळा गॉगल घातलेल्या चिमणाबाई आणि खाली चिमणाबाईंपेक्षा मोठा उदयसिंहाचा फोटो. बाजूच्या खुर्चीत हंबीरराव हार घातलेल्या फोटोसारखे बसले होते.

"मिशी कुठाय?" शालूबाईंनी दात आवळून विचारलं.

"गेली. वस्तऱ्यानं. कळलंच न्हाई बघ."

"आनि म्हनून सासूबाईस्नी मारलासा? उठा, सांगा सगळ्यांस्नी!"

"अगं प्रदर्शन..."

"कुठाय प्रदर्शन? चहा सांडलाय त्याच्यावर!"

हंबीररावांनी टेबलांकडे बघितलं. एवढे महिने घासलेले, परजलेले वस्तरे, आणि कुणी झाकण उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. पेठ आली होती ती त्यांच्यासाठी नाही आणि वस्तऱ्यांसाठी तर नाहीच. रडू यायचं तेवढं बाकी होतं. ते उठले आणि माइककडे निघाले. उदयसिंहाने त्यांना मायेने दोन्ही खांदे धरून परत खुर्चीत दाबलं. "भावना अनावर झाल्यात तात्यांच्या," तो माइकवर म्हणाला, आणि भाषण सुरू झालं.

चिमणाबाईंना त्याने उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पण भाषणाला त्याची काय गरज! तालमीच्या पोरांना त्यांनी स्वतःच्या हाताने धारोष्ण दूध पाजलं होतं. महापुरात भाकरी बडवल्या होत्या. उदयसिंहाला तर लहानपणी मांडीवर घेऊन 'नगरसेवक होशील' म्हणाल्या होत्या.

"लोक म्हनत्यात, हंबीररावांची आई गेली," उदयसिंहाने डोळ्यांना रुमाल लावला. "मी म्हनतो, माझी आई गेली! माझी सख्खी आई! आज हा उदयसिंह पोरका झाला!"

"शाले! माज्या लेकी! अशी कशी गं गेलीस!"

हा टाहो दारातून आला. कोडोलीची जीप भरून भाऊबंद आले होते आणि सगळ्यांच्या पुढे, छाती पिटत, खुद्द चिमणाबाई. त्यांचंही चुकलं नव्हतं. हंबीररावाने मिशी उतरवली असा निरोप आला. बाप जाऊन जमाना झाला, आई तर अंगणात पावटे सोलत बसलेली. मग उरलं कोण? सून! कोडोलीने सरळ हिशेब केला आणि जीप काढली.

शालूबाईंना समोर उभं बघून म्हातारीचा छाती पिटणारा हात वरच राहिला. सासू सुनेकडे बघते, सून सासूकडे. दोघीही जिवंत. मग चिमणाबाईंनी सुनेला कवटाळलं आणि त्या खरंच रडल्या. शालूबाईंनाही रडू आवरेना. सासू-सुनेचं असं प्रेम पेठेने प्रथमच बघितलं.

"आत्याबाई, तुमचीच श्रद्धांजली चाललीया," शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"माजी?" चिमणाबाईंनी फ्लेक्स बघितला. "आनि ती गॉगलवाली कोन?"

आता मात्र हंबीररावांना कुणी दाबून बसवलं नाही. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, कुकरच्या शिट्टीसकट. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला. हंबीररावांचे कान लाल झाले. उदयसिंहाचे त्याहून लाल. एवढं भाषण वाया गेलं म्हटल्यावर तो चवताळला.

"मिशी गेली आनि कळलं न्हाय? थापा मारतासा, तात्या! त्या गंजक्या पात्यानं काकडी तरी सोलती का? मुद्दाम काढली मिशी तुमी, लोकं जमवाय!"

"धारेवर शंका घ्यायची न्हाय!" हंबीरराव ओरडले. इतका आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे शालूबाईंनाही माहीत नव्हतं. "मला हसा, पन माज्या धारेला न्हाय!"

"मग दावा की! कशावर दावणार? केस तरी हाय का अंगावर?"

परत हशा झाला. हंबीररावांनी आपल्या गुळगुळीत हातांकडे बघितलं आणि ते खाली बसले. तेवढ्यात काठी आपटली. चिमणाबाई पुढच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या.

"ए पोरा, तू माइकवर काय म्हनत व्हतास?"

"काय न्हाय आजी, आपलं... तुमचे गुण..."

"ते न्हवं. मी तुजी कोन म्हनलास? दारातनं ऐकलंय मी."

उदयसिंहाने समोर बघितलं. सगळी पेठ, म्हणजे सगळे मतदार, त्याच्याकडे बघत होते. निम्म्यांच्या हातात मोबाइल, आणि ते सगळे चालू.

"आई म्हनलो," तो बारीक आवाजात म्हणाला.

"सख्खी म्हनलास."

"सख्खी म्हनलो."

"गेली म्हनून रडलास बी. मग सख्खी आई गेली, तर तुज्या तोंडावर मिशी कशी अजून?" चिमणाबाईंनी काठीने खुर्ची पुढे सरकवली. "हंबीर, आन तुजा वस्तरा. बस रं पोरा."

नाही म्हणावं, तर आई म्हणालो ते खोटं होतं असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. हो म्हणावं, तर मिशी. उदयसिंह मोबाइलवाल्यांकडे बघून उसनं हसला आणि बसला. माणूस भावी असला की त्याला बरंच सोसावं लागतं.

हंबीररावांनी टेबलाखालून खोकं काढलं, चहा पुसला, वस्तरा उघडला. लोक खुर्च्यांवर चढून बघू लागले. शालूबाईंनी तालमीच्या पाण्याने साबण लावला. पातं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरलं.

"काढा की आता, किती वेळ लावतासा!" डोळे घट्ट मिटलेला उदयसिंह म्हणाला.

"काढली," हंबीरराव म्हणाले.

उदयसिंहाने ओठावर बोट फिरवलं. परत फिरवलं. मिशी सगळीच्या सगळी चिमणाबाईंच्या हातातल्या रुमालावर होती. हॉल गर्जला, शिट्ट्या झाल्या, आणि लोक टेबलांवरचे कप बाजूला फेकून वस्तरे बघायला असे तुटून पडले की शमशुद्दीनला मध्ये पडून रांग लावावी लागली. हंबीरराव प्रत्येकाला वस्तरा उघडून दाखवत होते, तो कुठल्या सलूनमधला ते सांगत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्या वेळी कुणी त्यांना बोलू नका म्हणालं नाही.

उदयसिंह मात्र प्रदर्शनात दिसला नाही. तो मागच्या जिन्यात एका कानात बोट घालून फोनवर ओरडत होता, "आई, रडू नगंस. अगं तुजं कुंकू शाबूत हाय, आप्पास्नी काय झालेलं न्हाय... अगं व्हिडिओत मिशी न्हाय म्हंजी... तू आधी त्या जमलेल्या बायकांस्नी घरी पाठव बघू... काय? आप्पा स्वतःच रडाय लागल्यात?"