बोरखिंडीची भोकटंचाई

इसवी सन १९६२च्या उन्हाळ्यात मौजे बोरखिंडी येथे भोकांची टंचाई निर्माण झाली. पाण्याची टंचाई वऱ्हाडाला नवी नाही, रॉकेलचीही नाही. पण लाकडाला पाडायची साधी गोल भोकं गावातून नाहीशी व्हावीत, हा प्रकार पहिलाच होता. हे सगळं आपोआप घडलं असं मात्र कुणी म्हणू नये. त्यामागे एक समिती होती.

तोपर्यंत गावाला लागणारी सगळी भोकं नत्थुजी सुतार पाडत असे. त्याच्याकडे सामता होता. लाकडी दांड्याला खाली लोखंडी टोक, दांड्याला दोरीचा वेढा, आणि ती दोरी धनुकलीनं पुढेमागे ओढली की टोक गरगर फिरत लाकडात उतरायचं. एक बिडी संपेपर्यंत एक भोक, असा त्याचा वेग होता. त्यात अडचण अशी काहीच नव्हती, आणि समितीला हीच मोठी अडचण वाटली.

समिती अकोल्याला बसली. ग्रामीण कारागिरासाठी आधुनिक हत्यार निवडायचं होतं. एका सदस्यानं टेबलावरचे नमुने हातात तोलून पाहिले आणि जड ते टिकाऊ, असं मत दिलं. दुसऱ्यानं रंगाचा प्रश्न काढला. हिरवा रंग शेतीखात्यानं आधीच घेतलेला असल्यामुळे निळा मंजूर झाला. अखेर विजेवर चालणारं, लांबलचक तारेचं एक जड निळं ड्रिल एकमतानं निवडण्यात आलं. गावात वीज आहे का, असं एका नव्या सदस्यानं विचारलं, तेव्हा वीज हा दुसऱ्या खात्याचा विषय असल्याची समज अध्यक्षांनी त्याला दिली. दुसऱ्यांच्या खात्यात नाक खुपसण्याची या समितीला सवय नव्हती.

योजनेला एक अट होती. नवं हत्यार घेताना जुनं जमा करायचं, म्हणजे कारागिराला मागे वळण्याचा मोह होणार नाही. ब्लॉकातल्या यच्चयावत सुतारांनी आपापले सामते आणि गिरमिटं ऑफिसात आणून टाकली. नत्थुजी सगळ्यांत पुढे होता. त्याच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला, आणि उद्योग विस्तार अधिकारी खुशालराव गावंडे यांनी त्याला भर सभेत ‘मेकॅनिक’ म्हटलं. त्या दिवसापासून तो टोपी जरा तिरपी घालू लागला. ड्रिल त्यानं देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागला.

अशात गोदाबाई त्याच्या दारात आली. नवरा गेल्यापासून ती आपलं शेत स्वतःच वाहत होती. तिच्या तिफनीचे फण फाटले होते, म्हणून तिनं बाभळीचे नवे तासून घेतले होते. बियाणं जमिनीत सोडणारे बांबूचे नळे बसवायला एकेका फणाला एकेक भोक तेवढं राहिलं होतं. ती भोकं नाहीत तर तिफन नाही, आणि तिफन नाही तर पेरणी नाही.

“नत्थुजी, मले तीन भोकं पाडून दे. मिरग तोंडावर आला.”

“मशीन आलं हाये ना आता, गोदाबाई. लाईट आली का भोक पडलंच समज.”

“लाईट कवा येते?”

“खांब नांदगावपावतर आले म्हंते.”

“मंग तुहा सामता कुठी गेला?”

“जमा केला. मागासलेला व्हता म्हने.”

गोदाबाईनं देव्हाऱ्यातल्या निळ्या देवाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. शेजारच्या गावांतले सुतारही असेच आधुनिक होऊन बसले होते. कुणाची तिफन मागावी, तर पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते तो वाफसा सगळ्यांचा एकाच वेळी येतो. त्या दिवसांत सख्खा भाऊही तिफन देत नाही. ती तडक ब्लॉक ऑफिसात खुशालरावांसमोर जाऊन उभी राहिली.

“सायेब, नत्थुजीचा सामता एका दिवसासाठी द्या. वापस आणून द्याची जिम्मेदारी माही.”

“बाई, मागास हत्यार पुन्हा कारागिराच्या हाती देणं म्हणजे योजनेच्या गळ्याला नख लावणं आहे.”

“मंग ते मशीन तरी चालवून दाखवा. त्याची तार कुठी लावाव, याचाच पत्ता नाही.”

खुशालराव एकदम सावध झाले. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. अडचण तारेची होती, आणि ती खुद्द जनतेच्या तोंडून बाहेर पडली होती. अमेरिकेत आता बिनतारेचं ड्रिल निघालं आहे, असं त्यांनी एका इंग्रजी मासिकात वाचलंही होतं. मथळा त्यांनी पूर्ण वाचला होता. त्याखाली बॅटरीबद्दल काहीतरी मजकूर होता, पण तेवढ्यात चहा आला होता.

दुसऱ्या दिवशी ते जीप घेऊन बोरखिंडीत आले, ड्रिल देव्हाऱ्यातून बाहेर काढलं आणि त्याची तार मुळापासून कापून सरकारजमा केली.

“सायेब, आता हे चालीन?” नत्थुजीनं विचारलं.

“याला आता खांब नको, लाईन नको. म्हणजे न चालायला कारणच काय उरलं?”

नत्थुजीला ते पटलं. मेकॅनिक म्हणवून घेतलेल्या माणसाला पटवून घ्यावंच लागतं.

वऱ्हाडातलं पहिलं बिनतारेचं ड्रिल बोरखिंडीत असल्याचा अहवाल अमरावतीला गेला आणि तिथले मोठे साहेब पाहणीला येतो म्हणाले. आता निदान एक तरी भोक दाखवणं भाग होतं. खुशालरावांनी नत्थुजीचा सामता ‘तात्पुरत्या स्वरूपात’ बाहेर काढला आणि ऑफिसच्या मागे कडुनिंबाखाली गोदाबाईच्या फणांना भोकं पाडून घेतली. खोटं कशाला सांगू, सुरेख पडली. गोदाबाई पदर खोचून फण उचलायला पुढे झाली, तर खुशालराव म्हणाले, “उद्या साहेबांनी पाहिले की न्या.” सामता पुन्हा कुलपात गेला.

साहेब आले. नत्थुजी तयार भोकात ड्रिलचं टोक खुपसून गंभीरपणे उभा होता. साहेबांनी दुसऱ्या फणाच्या भोकातून बोट आरपार घालून पाहिलं.

“आवाज कसा येत नाही याचा?”

“बिनतारेचं आहे ना, साहेब,” खुशालराव म्हणाले.

साहेब इतके खूश झाले, की फण त्यांनी थेट अमरावतीच्या प्रदर्शनात पाठवायचा हुकूम सोडला. गोदाबाई मध्ये आली.

“सायेब, फण माहे हायेत.”

“बाई, आजपासून ते साऱ्या वऱ्हाडाचे आहेत.”

“मंग वऱ्हाड पेरून देणार हाये का माह्यं वावर?”

साहेब प्रसन्नपणे हसले. प्रदर्शन मृगाच्या आत संपेल आणि त्याच दिवशी फण परत मिळतील, असा शब्द त्यांनी तिला दिला. तो शब्द त्यांनी मनापासून दिला होता, हे मी मुद्दाम सांगतो.

प्रदर्शनाला तोबा गर्दी लोटली. मखमलीवर ते तीन फण आणि मधोमध निळं ड्रिल. वकील आले, मास्तर आले, पेन्शनर आले. प्रत्येकानं भोकात बोट घातलं. “घरी वापरायला असं एखादं मिळेल का?” असं जो तो विचारत होता. घरी कशाला भोक पाडायचं आहे, हे एकालाही सांगता आलं नाही, पण नोंदणीसाठी रेटारेटी झाली.

शेवटच्या दिवशी गोदाबाई चांदूर रेल्वेहून गाडीनं आली, फण बांधून न्यायला जुनेर घेऊन. मखमलीजवळ उभी राहून ती लोकांना सांगू लागली, “हे भोकं सामत्यानं पाडले हायेत. म्या डोयानं पाहिलं. हे मशीन चालतच नाही.” एका सद्गृहस्थांनी तिला अत्यंत सभ्यपणे दंडाला धरून बाजूला केलं, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.

संध्याकाळी कर्ण्यावरून घोषणा झाली. अजून पुष्कळांना घरची मंडळी आणायची असल्यामुळे, लोकाग्रहास्तव, प्रदर्शनाची मुदत पंधरवड्यानं वाढवण्यात येत होती. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मृगाचा वाफसा आला आणि गेला. बोरखिंडीचं शिवार हिरवं झालं. गोदाबाईचं वावर तेवढं काळं राहिलं. मला त्या बाईसाठी फार वाईट वाटतं. राग मात्र खुशालरावांचा येत नाही, साहेबांचाही येत नाही. त्यांना त्या कामाचा पगार मिळत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांना कुणी छदामही दिला नव्हता. तो लोकाग्रह करणारे लोक कोण, याची मी अमरावतीभर चौकशी करतो आहे, आणि जो भेटतो तो, आत्ता तुम्ही हसताहात तसाच, गोष्ट ऐकून खो खो हसतो.