आपत्कालीन जिना आणि बेचाळीस जोड चपला

बावीस वर्षांच्या नोकरीत मीटिंगमध्ये मी आपणहून हात वर केला तो एकदाच. एरवी "ही जबाबदारी कोण घेणार?" असा प्रश्न आला की माझं पेन टेबलाखाली पडतं आणि दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारलं जाईपर्यंत ते मला सापडत नाही. पण त्या दिवशी हितेंद्र साहेबांनी हेड ऑफिसचं मेल वाचून दाखवलं आणि माझं पेन हातातच राहिलं. वीस मे रोजी सेफ्टी ऑडिट. आपत्कालीन मार्ग, त्याच्या पाट्या, मॉक ड्रिल, सगळं तपासणार. नापास झालो तर ठाकूरद्वारचं हे ऑफिस बंद आणि सगळा स्टाफ पार नवी मुंबईत, महापेला.

महापेला माझा तात्त्विक विरोध वगैरे काही नाही. पण मी फणसवाडीत राहतो. एक वाजता ऑफिसातून निघालो की एक वाजून सात मिनिटांनी मी पाटावर असतो. उर्मिला गरम भात वाढते, कधी कोलंबीचं भुजणं असतं, कधी कोबीचं भानोलं, आणि ती समोर बसून सकाळपासूनची इमारतीतली सगळी बातमीपत्रं ऐकवते. सकाळी आम्ही दोघं घाईत असतो आणि संध्याकाळी थकलेले. आमचा संसार खऱ्या अर्थाने चालतो तो दुपारी एक ते पावणेदोन. मला तो फार प्रिय आहे. महापेला गेल्यावर मी डब्यातला गार भात खात कोणाची बातमीपत्रं ऐकणार होतो?

म्हणून मी हात वर केला. "मी घेतो जबाबदारी," असंही म्हणालो. (आमच्या अकाउंट्सच्या शांताताईंनी तर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.)

आमच्या ऑफिसला मागच्या बाजूने एक जिना आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या मजल्यावरून तो थेट मागच्या गल्लीत उतरतो. त्यात दोन मोडकी कपाटं, एक कूलर आणि १९९८ सालच्या फायली होत्या. शिपाई गणपतला हाताशी धरून मी चार दिवसांत सगळं बाहेर काढलं. भिंतींना पांढराशुभ्र रंग दिला, हिरवे बाण काढले, दारावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी अंधारात चमकणारी पाटी लावली. जबाबदार माणसाला शोभतील म्हणून नाडीचे जाडजूड सेफ्टी शूजही घेतले. उर्मिला माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "अहो, तपासायचा जिनाच आहे ना? खाण नाही ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या पहिल्याच बाणावर पानाची लांबलचक पिचकारी. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी बाण कोणत्या दिशेला आहे हेही समजेना.

"चला, आता देव बसवा," गणपत म्हणाला.

मुंबईत जिन्यात थुंकणाऱ्यांवर जो उपाय करतात तो माझ्याही डोक्यात घोळत होताच. आमच्या इमारतीतही तेच केलंय. कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स. भल्याभल्यांची तोंडं तिथे आपोआप बंद होतात. मी जाऊन गणपती, दत्त, साईबाबा, शिवाय एक क्रूस आणि एक मशीद अशा टाइल्स आणल्या आणि दाराजवळच्या पहिल्याच वळणावर पक्क्या सिमेंटात बसवून घेतल्या. दुपारी जेवताना मी ही युक्ती उर्मिलेला मोठ्या अभिमानाने सांगितली.

"छान," ती म्हणाली. "आणि पूजा कोण करणार?"

"पूजा कसली? टाइल्स आहेत त्या."

"बरं," ती म्हणाली आणि ताक ओतलं. उर्मिलेचं 'बरं' मी बावीस वर्षं ऐकतोय. त्याचा अर्थ थांबून विचारायला हवा होता, पण मला आणखी भाताची घाई होती.

पिचकाऱ्या थांबल्या, अगदी त्याच दिवशी. मंगळवारी गणपतीला जास्वंद वाहिलेलं दिसलं. गुरुवारी दत्ताला कोणीतरी हार घातला. सोमवारी गणपतने छोटी घंटा टांगली. (त्याच्या मुलीचा दहावीचा निकाल होता.) आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी दारापाशी आलो तर उंबऱ्याबाहेर चपलांचे सहा जोड, एका ओळीत. आत शांताताई हात जोडून उभ्या.

"शांताताई, हा आपत्कालीन मार्ग आहे!"

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "अडचणीतच देव आठवतो ना?"

मला खरंच बरं वाटलं. आयुष्यात प्रथमच मी ऑफिसला काहीतरी दिलं होतं. लोक मला वाटेत थांबवून सांगत, "धराधर, जिन्यात गेलं की कसं शांत वाटतं हो." मी मान हलवायचो. चपला हा काही धोका आहे असं मला वाटलंच नाही.

वीस तारखेला ऑडिटर देविका मॅडम आल्या. पांढरा शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच, चेहऱ्यावर एकही वायफळ रेघ नाही. पाट्या पाहिल्या, बाण पाहिले, रुंदी मोजली. "गुड," म्हणाल्या. माझी छाती दीड इंचाने फुगली. मग म्हणाल्या, "आता ड्रिल. बेचाळीस माणसं, वेळ तीन मिनिटं. मी शेवटी उतरेन."

सायरन वाजला. सगळे शिस्तीत उठले, शिस्तीत दाराकडे गेले आणि शिस्तीत चपला काढायला लागले.

"चपला घालूनच चला!" मी ओरडलो.

"देवासमोरून?" शांताताई गर्रकन वळल्या. "अहो धराधर, आग लागली म्हणून काय झालं?"

"पण वेळ..."

"लायनीत या रे सगळे! ढकलू नका! एकेकाने नमस्कार करून पुढे व्हा!"

मागून लोक येत होते, पुढे घंटा वाजत होती, उंबऱ्याशी चपलांचा ढीग वाढत होता. काहीतरी करायलाच हवं होतं. मी सगळ्यांना बाजूला सारत दारात पोहोचलो, आता आपण बुटांसकट उतरून दाखवायचं आणि लोक आपल्यामागून येतील असा माझा बेत होता. पाऊल उचललं. समोर गणपती. तीच टाइल, जी मीच घासाघीस करून आणली होती. आणि माझं पाऊल काही खाली टेकेना. लहानपणापासूनची सवय, सेफ्टी ऑफिसर झालो म्हणून थोडीच जाते? मी दारातच खाली बसलो आणि नाडी सोडायला लागलो.

नाडी ओढली तर गाठ बसली. डावीकडून ओढली तर आणखी घट्ट. दार अडीच फुटांचं, त्यात मी मध्ये मांडी घालून बसलेला, आणि माझ्यामागे जळत्या (म्हणजे कागदावर जळत्या) ऑफिसातले एकोणीस लोक. गणपतने ब्लेड आणलं, शेवटी नाडी कापावी लागली.

"अकरा मिनिटं," खाली मागच्या गल्लीत देविका मॅडम म्हणाल्या. "त्यातली चार तुमची, मिस्टर धराधर."

मी खाली मान घातली. महापे डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यासोबत गार भात. मे महिन्यातली दुपार, डांबर तापलेलं, त्यावर बेचाळीस अनवाणी माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की उड्या मारणारी माणसं त्रेचाळीस आहेत. देविका मॅडमही मारत होत्या. त्यांच्या पायांतही काही नव्हतं.

त्यांनी माझी नजर पाहिली. मी त्यांची पाहिली.

"टाइल्स काढून टाका," त्या अखेर म्हणाल्या.

हितेंद्र साहेबांनी गणपतकडे पाहिलं. गणपतने दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "माका काय जमाचा नाय, साहेबानू. छिन्नी कोणावर मारू?" साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचे आभाळाकडे बघायला लागले. शेवटी साहेबांनीच मॅडमना विचारलं, "तुम्ही सांगाल त्याप्रमाणे करू. पहिला घाव आपण घालता का?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: मार्ग समाधानकारक. अट एकच. कार्यालयीन वेळेत, जेवणाच्या सुट्टीसह, दारापाशी एक जबाबदार व्यक्ती बसलेली असावी. तिने मार्गात पादत्राणे साचू देऊ नयेत.

'जबाबदार' हा शब्द वाचून झाल्यावर सगळं ऑफिस माझ्याकडे वळलं.

म्हणजे ऑफिस ठाकूरद्वारलाच राहिलं आणि माझी दुपार गेली. दुसऱ्या दिवशी दहा ते सहा दारापाशी खुर्ची टाकून बसलो. एक वाजला. सात मिनिटं झाली. पोटाला सवयीने सगळं ठाऊक होतं. इतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

इतक्यात जिन्यात खालून पावलं वाजली. उर्मिला होती. घामाघूम, एका हातात डबा, दुसऱ्या हातात ताकाचा तांब्या.

"तीन मजले चढून कशाला आलीस?"

"तुम्ही येईनात म्हणून. सरका जरा." ती पायरीवर बसली, भात काढला. वाफ येत होती. "आधी ऐका, आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी काय केलंय ते."

मी पहिला घास घेतला तोच एक बाई दारात आल्या, बहुधा साहेबांना भेटायला आल्या होत्या. टाइल्स पाहिल्या, हात जोडले, चपला काढल्या आणि माझ्या खुर्चीसमोर नीट जोडीने ठेवल्या.

"काका, टोकन देता ना?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत उर्मिलाच म्हणाली, "टोकन नको, निर्धास्त जा दर्शनाला. सहा वाजेपर्यंत हे इथून हलत नाहीत."

बाई आत गेल्या. मी डाव्या हाताने त्यांच्या चपला उचलल्या आणि भिंतीकडे लावून ठेवल्या. (मार्ग मोकळा ठेवायची लेखी ऑर्डर होती.)