वाणात लुटलेली कर्दळ

कळस गावच्या नागेशनं गोठ्यामागं एक खड्डा खणला आणि त्याला 'पाणथळ प्रकल्प' म्हणायला सुरुवात केली. हा नागेश म्हणजे मीच. पण पुढं जे झालं ते 'मी केलं' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आपण नागेशच म्हणू.

खड्ड्याला कारण शेजारचे बापूसाहेब. गोठा धुतलेलं शेणामुताचं पाणी चारीनं थेट त्यांच्या उसाच्या बांधाला जाऊन थांबायचं. वास असा, की त्यांच्या रानात खुरपायला बाई टिकेना. शेवटी ते दारात आले.

"नागेश, होळीपतोर पाणी साफ न्हाय झालं तर चारी बुजवून टाकीन. मग तुझ्या गाई तुंबल्याल्या पाण्यात पवू देत, न्हायतर बाजारात जाऊ देत."

"बापूसाहेब, बिनवासाचं पाणी देतो, बघाच तुमी!" नागेशनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. त्यानं खड्ड्यात शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरला, वर खडी-वाळू भरली आणि दाट कर्दळ लावली. पाणी खडीतून जाणार, कर्दळीची मुळं घाण खाणार, पलीकडून निवळ पाणी निघणार. आणि खरंच, दोन महिन्यांत पाणी निवळायला लागलं. नागेश चहाच्या टपरीवर व्याख्यानं देऊ लागला. लोक निमूट ऐकायचे, कारण चहा नागेशचा असायचा.

संक्रांत आली. आईनं, म्हणजे शकुबाईंनी, एकच काम सांगितलं होतं. बारामतीहून हळदीकुंकवाच्या वाणासाठी स्टीलच्या वाट्या आणायच्या. नागेश बारामतीला गेला, कृषी प्रदर्शनात घुसला आणि एका स्टॉलवाल्यालाच पाणथळ समजावत बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"आरं नाग्या, वाट्या कुठं हायत? बायका दारात आल्या की रं!"

वाट्या तो साफ विसरला होता. पण चूक कबूल करेल तो नागेश कसला! "आये, कशाला त्या वाट्या? घरोघरी ढिगानं पडल्यात. पर्यावरणाचं कायतरी दे. रोपं दे रोपं!"

"कुठली रोपं?"

"घरची हायत की! समदं मलाच इचारतीस व्हय?" ऐटीत फोन ठेवून तो स्टॉलवाल्याला म्हणाला, "बघा, सुरुवात घरापासून करावी लागती."

घरी आला, तर सुरुवात घरापासून झालेली होती. खड्ड्यात नुसती खडी उरली होती.

"अख्ख्या आळीत वाण लुटलं बघ!" शकुबाई खुशीत होत्या. "कर्दळीचं कांदं बी काय पोसल्यालं! बापूसाहेबांच्या तानूबाईनं तर पाटीभर नेलं."

"आगं आये, परत आण ते!"

"दिल्यालं वाण परत मागू? सवाशिणींच्या दारात जाऊन? मला गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाय?"

विषय संपला. मग नागेशनं डोकं चालवलं. लांबून हिरवं तरी दिसावं म्हणून त्यानं खडीत उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं खोचलं. वाढं म्हणजे गाईंचा जीव की प्राण, हे जन्मभर गाईंत वाढलेल्या माणसाला आठवू नये? सकाळी बघतो तर एक गाय दावं तोडून खड्ड्यात उभी. वाढं फस्त झालेलं, खुरांनी कागद फाटलेला. घाण पाणी पुन्हा चारीला लागलं आणि नागेश बापूसाहेबांना चुकवत लांबच्या वाटेनं डेअरीला दूध घालायला जाऊ लागला.

होळीच्या आदल्या दिवशी बापूसाहेबांचा निरोप आला, घरी ये. निघताना नागेशनं एकेका गाईच्या पाठीवरनं हात फिरवला. खोटं कशाला बोलू, रडू आलं त्याला.

बापूसाहेबांनी त्याला घरामागं मोरीपाशी नेलं. मोरीच्या सांडपाण्यावर कमरेएवढी कर्दळ लालभडक फुलली होती.

"बघ! माझ्या लग्नापासनं ह्या मोरीला वास हुता. आमच्या हिनं वाणाचं कांदं लावलं, मी खाली जरा खडी टाकली. आता वास न्हाय का डास न्हाय. कर्दळीची मुळं घाण खात्यात, म्हायती हाय का तुला?"

"व्हय?" नागेश म्हणाला.

"तू नुसता बोलतूस. कर्दळ लावायची आसती, वाढं न्हवं! कागद नवा टाक, कांदं हितनं ने. मी सवता हुबा ऱ्हाऊन लावून घेतो."

"आन चारी?"

"ऱ्हाऊ दे आता. पर दिवाळीपतोर निवळ पाणी दिसलं पायजे."

दिवाळीपर्यंत पाणी निवळलं. आता इंदापूरकडचे शेतकरी मुद्दाम बघायला येतात. बापूसाहेब काठी टेकत पुढं होतात आणि एकेक गोष्ट समजावून सांगतात.

"ह्यो आमचा नागेश. पोरगं गुणाचं हाय, पर ह्याला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं. समदं मी शिकीवलं."

परवाही हेच झालं. नागेशच्या जिभेवर सगळं आलं होतं. व्हिडिओ, खडी, कागद, टपरीवरचा चहासुद्धा. तेवढ्यात मागं गोठ्यात एक गाय हंबरली. त्यानं तोंड मिटलं आणि मान डोलावली.

एवढं मात्र नागेशनं नाही केलं. ते मी केलं.