वजनावर घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

बायकोला न विचारता तिच्यासाठी काही घेऊ नये, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरीही एकोणिसाव्या वर्षी मी तिच्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं. (कळलेलं वेळेवर आठवतं, असं थोडंच आहे?)

माझी बायको हुई-रू शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर लढाया लढते. चौघी मास्तरणींचा संघ आहे त्यांचा. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात ऐन मोक्याला हुई-रूचा कॉम्प्युटर गोठला आणि चौघी हरल्या. बाकीच्या तिघी तिला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. यंदा पुन्हा अंतिम सामना होता, शनिवारी दुपारी दोन वाजता. शुक्रवारी आईच्या वाढदिवसाला म्हणून ती माहेरी ताइनानला गेली. म्हटलं, ती परत यायच्या आत कार्ड बसवून टाकू.

रजा टाकून मी ताइपेच्या कॉम्प्युटर बाजारात लियाओ शेठच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, स्क्रीन केवढा, पॉवर सप्लाय किती वॅटचा, कॅबिनेट किती लांब? मी जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत कारकून. प्रश्न विचारायचे असतात, एवढंच मला ठाऊक. तिन्ही प्रश्नांना मी "बऱ्यापैकी" असं उत्तर दिलं.

मग त्याने कार्डांची खानदानं सांगितली. मोठ्या आकड्याचं हे कार्ड त्या लहान आकड्याच्या कार्डापेक्षा हळू, कारण हे मागच्या पिढीतलं. पण मागच्या पिढीतलंच ते थोरलं या पिढीतल्या धाकट्याला भारी. असा वंशवृक्ष कुणी आमच्या खिडकीवर आणला असता, तर मी अर्ज परत केला असता. अर्ध्या तासाने मला स्वतःची जन्मतारीखही नीट आठवेना.

शेवटी आईने शिकवलेली रीत कामी आली. चंद्रोत्सवाला पपनस घेताना रंगावर जायचं नाही, हातात जड लागेल ते घ्यायचं. मी चार खोकी एकेक करून तोलली आणि त्यातल्या सगळ्यात जड खोक्यावर टिचकी मारली.

लियाओ शेठने माझा हात धरला. "दादा, हे पपनस नाही."

"जड आहे म्हणजे आत काहीतरी असणारच," मी म्हणालो आणि वर्षाचा बोनस त्याच्या हवाली केला. त्याने वर एक हिरवी पुडी फुकट दिली.

पुडीत मक्याचे गोड कुरकुरे असतात. ती मशीनवर ठेवली की मशीन शहाण्यासारखं वागतं. आमच्या कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे ठेवतात. पुडी सिग्नलसारखी हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, आणि फोडायची तर मुळीच नाही.

घरी आल्यावर जुनं कार्ड काढलं, पण नवं कॅबिनेटमध्ये मावेना. आतला एक सांगाडा काढला तेव्हा कुठे शिरलं. मग ते खाली झुकायला लागलं, त्याला जेवायच्या काडीचा टेकू दिला. मागच्या वायरी जिथे बसल्या तिथे बसवल्या. स्क्रीनवरच्या चित्रातला डोंगर असा लख्ख दिसायला लागला की मी झाडांची पानं मोजत बसलो. त्या आनंदात हात कशावर गेला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा पुडीत शेवटचा कुरकुरा उरला होता. (तोही खाल्ला. आता ठेवून काय करणार?) कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त पिवळी पुडी मिळाली. ती मी पाठमोरी ठेवली.

शनिवारी एक वाजता हुई-रू आली. कार्ड बघून ती नुसती माझा दंड धरून उभी राहिली. एकोणीस वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग तिने खेळ लावला. तिचा सैनिक एक पाऊल टाकायचा आणि विचार करत उभा राहायचा. कॉम्प्युटर आधीपेक्षाही मंद झाला होता. तिने पुडी उलटी करून पाहिली.

"फांग जिन-फा." (पूर्ण नाव आलं की मी उठून उभा राहतो.) "हिरवी कुठे आहे?"

"भूक लागली होती."

मी धावत सुटलो. तिसऱ्या दुकानात हिरव्या पुड्या मिळाल्या, दोन घेतल्या. दोनला आठ मिनिटं असताना एक कॉम्प्युटरवर ठेवली. सैनिक तसाच विचारात उभा.

"यंदाही माझ्यामुळेच हरणार त्या," हुई-रू हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि मला माझीच लाज वाटली. मी लियाओ शेठला फोन लावला.

त्याने आधी पुडीचा रंग विचारला. मग तारीख. मी सांगितलं, मार्चपर्यंतची आहे.

"मग स्क्रीनची वायर कुठे लावलीये?"

"कॉम्प्युटरला."

"कॉम्प्युटरला कुठे?"

मी टेबलाखाली शिरलो. "वरच्या बाजूला. तिथे हात चांगला पोचतो."

"कार्ड खाली आहे, दादा. ते कालपासून नुसतं बसून आहे."

म्हणजे ती पानं मी कार्डाशिवायच मोजली होती. हुई-रूने मला पायाला धरून बाहेर ओढलं आणि वायर स्वतः बदलली. दोनच्या ठोक्याला तिचा सैनिक उधळला तो थेट किल्ल्यात घुसला. चौघी जिंकल्या. तिघी मैत्रिणी स्पीकरवर एकदम बोलत होत्या आणि हुई-रू हसत रडत होती. कशामुळे जमलं, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून उभा राहिलो. तिने सांगितलं, "पुडी बदलली."

मग उरलेली दुसरी पुडी तिने माझ्या शर्टाच्या खिशात खोचली. "ही खायची नाही. आणि महिनाभर काढायचीही नाही."

सोमवारी कचेरीत साहेबांनी ती पुडी पाहिली. खिशातून काढली, तारीख वाचली आणि परत नीट खोचून ठेवली.

"मार्चपर्यंत चालेल हा," ते बाकीच्यांना म्हणाले.