दोन कुलपांची तडजोड

भांडण मिटवायला अक्कल लागते म्हणतात. साफ चूक! प्रशिक्षण लागतं! आणि ते आमच्या गावात फक्त माझ्याकडे, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकाकडे होतं. अठ्ठ्याऐंशी साली लोकअदालतीसाठी जळगावला दोन दिवसांचं शिबिर झालं. वकीलसाहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'एका पक्षाचं गुपित दुसऱ्याला सांगू नये.' मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या!

आठवड्यात केस आली. तोताराम आणि उखर्डू, सख्खे भाऊ. विहीर एक, मोटर एक. पाण्याच्या पाळीवरून जुंपली आणि स्टार्टरच्या पेटीला दोघांनी आपापलं कुलूप ठोकलं. भर एप्रिल, आणि दोघांचीही केळी वाळतेय!

मी दोघांना वेगवेगळं बसवलं. पद्धतच आहे तशी.

थोरला तोताराम कानाशी आला. "गुरुजी, कोनले सांगू नका. धाकलानी एक डाव माले 'भाऊ' म्हनं, की मी कुलूप काढस!"

मग उखर्डू. "कोनले सांगू नका. मोठानी एक डाव 'जेवाले ये' म्हनं, की मी कुलूप काढस!"

घ्या! दोघेही राजी! पण सांगू कसा? गुपित ना!

समोरासमोर बसवलं. दोघे माझ्याकडे बघताहेत, मी छताकडे.

"काय गुरुजी?"

"काही नाही!"

दोघे तणतणत उठले. संध्याकाळी पेटीवर चार कुलपं!

माझं डोकंच चालेना. वही काढली. नियम बरोबर. मग चुकलं कुठे? चौथ्या दिवशी केळीनं माना टाकल्या. शेवटी बायकोला, म्हणजे अख्ख्या गावाच्या अक्काला, म्हटलं, "मंजुळा, कोणाला सांगू नकोस हं..."

तिनं सगळं ऐकलं, पिठाचे हात धुतले आणि गेली. तासाभरात मोटर सुरू!

पाठोपाठ भावांची आई, झुंबरबाई, दारात. मला वाटलं, आभार मानेल.

"गुरुजी, मानूस 'कोनले सांगू नका' म्हनस, ते लवकर सांगाले पाहिजे म्हनीसनी! इतलं बी समजस नही तुमले?"

खरं सांगतो, शिबिरात हे शिकवलंच नव्हतं.

पुढच्याच महिन्यात गावातला धनसिंग आला. तोंड पडलेलं, भावकीचं काहीतरी नक्की. मी लगबगीनं टोपी घातली, चष्मा पुसला, वही उघडली.

"बोला धनसिंगभाऊ! इथला शब्द बाहेर जाणार नाही!"

तो दचकून दोन पावलं मागे सरला.

"नको गुरुजी! अक्का घरमा शे का?"