भामाकाकीची तवशी

आमच्या शेजारच्या भामाकाकीच्या अंबाड्यात मी फूल कधी पाहिलं नाही. तिथे कायम माडाच्या झावळीचा एक हीर, पातीमधली ताठ काडी, खोचलेला असायचा. टोपात भाजायला ठेवलेलं धोंडस, म्हणजे आमचा काकडीचा केक, आतून शिजलं की नाही हे पाहायला हीर लागतो, हे कोणीही मान्य करील. पण काकीचा हीर धोंडसावर थांबत नसे. फणस, उकडलेलं सुरण, शेजारणीचा खरवस, जे समोर येईल त्यात तो जायचा आणि बाहेर आला की काकी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायची. मालवण बाजारातला बेकरीवाला तर तिला लांबून येताना पाहिलं की पावांवर फडकं टाकायचा.

लग्न होऊन मी तारकर्लीत आले, शाळेत मास्तरीण म्हणून लागले, आणि पहिल्याच आठवड्यात माझी तपासणी झाली. हिराने नव्हे, नुसत्या नजरेने. "बरा आसा चेडू," काकी माझ्या सासूला म्हणाली, "पण वरसून वायच इस्तव होयो."

हे तिचं तत्त्वज्ञान होतं. आमच्याकडे धोंडस भाजतात ते खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे ठेवून. नुसत्या खालच्या जाळावर ते बुडाला करपतं आणि वर चिकट राहतं. काकीच्या मते माणसांचंही तसंच होतं. खालचा विस्तव म्हणजे कष्ट, तो सगळ्यांनाच मिळतो. वरचा विस्तव म्हणजे डोक्यावर कोणाचा तरी हात, तो फार थोड्यांना. कोणी दारू प्यायला लागला, कोणाचा मुलगा नापास झाला, की काकी विचारायची, "वरचो इस्तव खंय होतो?" आमच्या ह्यांच्याबद्दल तिचं मत असं: "तुझो घोव खालसून करपलो आणि वरसून कच्चोच रवलो." इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचं याहून नेमकं वर्णन करता आलेलं नाही.

काकीचं घर म्हणजे खानावळच. नवरा तातू खोबऱ्याची वखार चालवायचा आणि सदा घाईत असायचा. मुलगे कोणी वखारीत, कोणी होड्यांच्या धंद्यात, कोणी मुंबईला. सुना, नातवंडं, वखारीतली माणसं, सगळी आपापल्या वेळेला यायची, पानावर बसायची आणि हात धुऊन पळायची. एवढ्या माणसांना काकी जे घाली ते सगळं घरचं. मसाला घरचा, तेल घरच्या खोबऱ्याचं, पोहे घरी कांडलेले, शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, घरी पाडलेले. तयार वस्तू घरात आली की तिला कोणी तोंडावर बोलल्यासारखं लागायचं.

एकदा मी कुडाळच्या बाजारातून बिस्किटांचा पुडा आणला आणि मोठ्या हौसेने तिच्यापुढे धरला. काकीने हीर काढला. बिस्किटाचे तुकडे झाले.

"ही कोणी केल्यान?"

"कारखान्यात होतात, काकी."

"कारखान्यात खरी, पण केल्यान कोणी? तेचा नाव काय?"

मास्तरणीला उत्तर येत नाही म्हटल्यावर सुना पदराआड हसायला लागल्या. "आणि कोणासाठी केल्यान?" काकीने पुढचा प्रश्न टाकला. "केल्याचा नाव नाय, खाणाऱ्याचा नाव नाय. मगे ह्या खावचा तरी कित्याक?" असं म्हणून तिने पुडा परत माझ्या पिशवीत घातला. पुढे ईर्ष्येने तिने तांदळाच्या पिठाची बिस्किटं घरी भाजली. ती माझ्यासाठी केली होती, त्यामुळे मला ती खावी लागली. माझी एक दाढ त्या दिवसापासून जरा हलते.

खाणाऱ्याचं नाव हे मात्र ती गमतीने म्हणत नव्हती. गणपतीची चवथ झाली की परसातल्या वेलावरची तवशी पिकायची. तवसं म्हणजे लहान मूल काखेत घ्यावं एवढी मोठी, पिवळी पडलेली काकडी. ती सुंभात बांधून पडवीच्या वाशाला टांगली की शिमग्यापर्यंत टिकते. सगळ्याच घरांतून टांगतात. पण काकीकडे प्रत्येक तवशाला माणूस ठरलेला असे. हे थोरल्याचं, हे मुंबईच्या बाळ्याचं. एकदा तिने माझ्याही नावाने एक टांगलं, तेव्हा सासरी आल्यापासून पहिल्यांदा मला आपण इथल्या झालो असं वाटलं. ज्याचं तवसं, तो घरी आला की ते खाली उतरायचं, किसायचं, गूळ आणि तांदळाच्या कण्या घालून त्याचं धोंडस व्हायचं. पहिला तुकडा त्याचा, मग बाकीच्यांची झुंबड.

एक तवसं मात्र उतरत नसे. ते सुमनचं, काकीच्या थोरल्या मुलीचं. सुमन पेडण्याला दिलेली. पेडणं तसं जवळ, पण तिकडे पोर्तुगीजांचं राज्य. तिच्या लग्नानंतर सरहद्द बंद झाली, नाक्यांवर पहारे बसले आणि मुलीचं माहेरपण थांबलं. दरसाल सुमनचं तवसं टांगलं जायचं. शिमगा उलटून ते खालून मऊ पडायला लागलं की काकी ते परसात पुरायची आणि त्याच बियांचा वेल पुढच्या पावसाळ्यात चढायचा.

धाकटी कुसुम लग्नाची झाली तो काळ हाच. पोरगी कामाची, पण जिभेला हाड नाही. दोन ठिकाणं मोडली होती. तिसरं कुडाळचं आलं. मुलाचे वडील खाण्याचे शोकी. भामाकाकीच्या धोंडसाची कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली, आणि तातूने काकीला न विचारता कबूल करून टाकलं, या, धोंडस खायलाच या.

माघ संपत आला होता. बाकी सगळी तवशी उतरून झालेली. वाशाला एकच उरलेलं, सुमनचं. गावात विचारून पाहिलं, कोणाकडेच नव्हतं.

सकाळी तातू कोयता घेऊन पडवीत उभा राहिला. काकी आडवी आली.

"गो, चेडवाचा लगीन मोडतला."

"एका चेडवाचा काढून दुसऱ्या चेडवाक घालू? माका जमाचा नाय."

मी मदतीला गेले होते. काकी त्या दिवशी शिरवाळे पाडत होती. कुसुमचं लग्न तिला नको होतं असं नाही. तीन महिने ती देवाला त्याचंच गाऱ्हाणं घालत होती.

पाहुणे आले. तातूने त्यांना नेमकं पडवीत बसवलं. शिरवाळे आणि नारळाचा रस पानात पडला. मुलाच्या वडिलांनी पान पाहिलं.

"धोंडस करूक नाय?"

"तवशी सरली," काकी म्हणाली.

त्यांनी मान वर केली. तवसं बरोबर त्यांच्या टोपीवर लोंबत होतं.

"मगे ता काय?"

"ता सुमनचा."

"सुमन खंय आसा?"

"पेडण्याक."

"अवो, पेडण्याची वाट बंद आसा. ती काय ह्या खावक येवची नाय."

"ती येवक शकणा नाय," काकी म्हणाली, "म्हणान तिचा मी दुसऱ्याक वाढू?"

तातूला खोकला लागला. दाराआड कुसुमने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ राहिले. मुलाच्या वडिलांनी हात पानावरून मागे घेतला. मोडलं, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं.

तेवढ्यात मुलाची आई बोलली. "आमच्यात दिलास, तर कुसमाचाय एक टांगशात?"

"टांगतलंय," काकी म्हणाली आणि पाहुण्यांच्या देखत रडली. मुलाच्या वडिलांनी मुकाट्याने शिरवाळे ओढले, आणखी मागून घेतले.

कुसुम वैशाखात कुडाळला गेली. दिवाळीनंतर ती माहेरपणाला आली, तिचं तवसं उतरलं, धोंडस झालं. ती परत गेल्यावर मी पडवीत काकीशी बोलत बसले होते. सुमनचं तवसं वाऱ्यावर हलत होतं. मी म्हटलं, "काकी, पुरायचं कशाला दरवर्षी? एकदा सुमनच्या नावाने करा आणि आपण सगळ्यांनी खाऊ या."

काकी वर बघत म्हणाली, "नको गो. करून खाल्ला, तर ती येवची नाय ह्या मीच म्हटल्यासारख्या होतला."

सुंभ जरा सैल झालं होतं. तिने पाटावर चढून तवसं दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि मी गाठ पुन्हा घट्ट बांधली.